जुन्या गोव्याचे बॉम जिझस : वास्तू आणि तिची चिन्हे

जुन्या गोव्यात, मांडवीच्या काठापासून थोड्या अंतरावर, मुख्य रस्त्याच्या दक्षिणेला बॉम जिझसचे चर्च आहे. त्याची पायाभरणी २४ नोव्हेंबर १५९४ रोजी झाली आणि १५ मे १६०५ रोजी गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या हस्ते ते उपासनेसाठी अर्पण झाले. आत शिरताच वर जो सज्जा दिसतो, त्याला आधार देणाऱ्या खांबांवरच्या शिलालेखांत या तारखा कोरल्या आहेत. बांधकामाचा पैसा कोचीचा कप्तान जेरोनिमो मास्कारेन्यास याच्या मृत्युपत्रातून आला. तो १५९३ मध्ये वारला आणि चर्चच्या उत्तर भिंतीत त्याचे स्मारक बसवलेले आहे. चर्च बांधले येशूसंघाने, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंनी. या वास्तूचा आराखडा त्यांच्या कामाच्या पद्धतीवरून ठरला.

येशूसंघाला पोपची मान्यता मिळाली १५४० मध्ये. युरोपात तेव्हा मार्टिन ल्यूथर आणि त्याच्या अनुयायांनी कॅथलिक चर्चपुढे मोठे आव्हान उभे केले होते. मूर्ती, संतांचे अवशेष, धर्मगुरूंचा अधिकार, मिस्सेतल्या, म्हणजे कॅथलिक उपासनाविधीतल्या, भाकरीत येशू प्रत्यक्ष उपस्थित असतो ही श्रद्धा, या सगळ्यांवर प्रश्न विचारले जात होते. त्याला उत्तर म्हणून १५४५ ते १५६३ या काळात ट्रेंट येथे धर्मपरिषद भरली. परिषदेने या श्रद्धा सोडल्या तर नाहीतच, उलट ठासून मांडल्या. शिवाय लोकांना धर्म नीट समजावून सांगा, प्रवचन करा, असेही बजावले. परिणाम चर्चच्या बांधणीवर झाला. मध्ययुगीन चर्चमध्ये खांबांच्या रांगा असत, मधल्या पडद्यामुळे वेदी सामान्य माणसाला जेमतेम दिसे आणि शब्द कमानींत हरवून जात. जेझुइटांना हे परवडणारे नव्हते. रोममधले त्यांचे मुख्य चर्च, जेझू, १५८४ मध्ये अर्पण झाले. एकच रुंद दालन, बाजूला खांबांच्या ओळी नाहीत, कुठेही बसले तरी वेदी दिसावी आणि प्रवचन ऐकू यावे, अशी त्याची रचना आहे. बॉम जिझस त्याच विचारातून आले, फक्त रोमच्या चर्चवर आहे तसा घुमट इथे नाही.

दर्शनी भिंत पश्चिमेकडे तोंड करून आहे. उंची ७८ फूट, रुंदी ७५ फूट, म्हणजे जवळजवळ चौरस. गोव्यातल्या बहुतेक मोठ्या चर्चना दोन बाजूंना मनोरे असतात, इथे समोर एकही नाही. तळमजल्यावर तीन दारे, मधले मोठे. त्यावर तीन उंच आयताकृती खिडक्या, त्यावर तीन गोल खिडक्या, आणि सर्वांत वर नक्षीदार चौकोनी शिखरभाग. तिनाची ही पुनरावृत्ती पाहणाऱ्याला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याची आठवण करून देते, असे सांगितले जाते. त्यात अर्थ किती आणि नुसती प्रमाणबद्धता किती हे सांगणे कठीण, कारण तीन दारे युरोपातल्या असंख्य चर्चना आहेत. शिखरभागाबद्दल मात्र शंका नाही. तिथे मधोमध येशूसंघाची मुद्रा आहे : ग्रीक लिपीतल्या येशूच्या नावाची पहिली तीन अक्षरे, जी रोमन लिपीत ‘आयएचएस’ अशी वाचली जातात. इतकी उंच भिंत रचून तिच्या माथ्यावर कोणा राजाचे किंवा व्हाइसरॉयचे चिन्ह न बसवता येशूचे नाव कोरले, यातून संघाने आपली निष्ठा कोणाशी हे सांगून टाकले.

भिंत जांभ्या दगडाची आहे. खांब, चौकटी आणि कोरीव काम मात्र काळ्या बेसॉल्टमध्ये आहे आणि तो दगड वसईहून आणला गेला. वसई तेव्हा पोर्तुगीजांकडे होती. चिमाजी अप्पांनी ती १७३९ मध्ये घेतली. कोकणचा जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत कठीण होतो, भिंती रचायला उत्तम. पण त्यात बारीक छिद्रे असतात, धारदार नक्षी त्यात टिकत नाही. म्हणून डोरिक, आयोनिक, कोरिंथियन अशा युरोपीय पद्धतीचे स्तंभशीर्ष कोरायचे तर सह्याद्रीच्या काळ्या दगडाला पर्याय नव्हता. वसईच्या किल्ल्यात आज पडझड झालेल्या चर्चांच्या दारांवर जी कोरीव कमानकामे उभी आहेत, ती पाहिली की हा दगड किती बारीक काम सोसतो ते कळते.

बॉम जिझसचा लाल-तपकिरी, उघडा, थोडासा झिजलेला चेहरा आज गोव्याच्या प्रत्येक पर्यटनपत्रकावर असतो. बांधणाऱ्यांना तो तसा अपेक्षित नव्हता. जांभ्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज जीर्णोद्धारकाने तो काढून टाकला. दगड उघडा असला की वास्तू अधिक प्राचीन आणि अधिक अस्सल दिसते, अशी त्या काळी युरोपात आवड होती. गोव्याच्या पावसाला या आवडीचे काही देणेघेणे नाही. सच्छिद्र जांभा पाणी पितो आणि झिजत जातो. गिलावा पुन्हा करावा अशी मागणी गेल्या काही वर्षांत झाली, तेव्हा विरोधही झाला, कारण लोकांच्या मनात चर्चचे रूप लालच बसले आहे. दगडाच्या बाजूने विचार केला तर मागणी रास्त आहे. रस्त्यापलीकडचे से कॅथेड्रल चुन्याने पांढरे आहे. बॉम जिझसच्या बाजूच्या भिंतींना टेकू देणाऱ्या मोठ्या तिरप्या कमानीही मूळच्या नाहीत, नंतर जोडलेल्या आहेत.

आत शिरल्यावर दालन एकसंध दिसते. लांबी १८३ फूट, रुंदी ५५ फूट, उंची ६१ फूट. वरून पाहिले तर आराखडा क्रुसाच्या आकाराचा : लांब दालन म्हणजे क्रुसाचा उभा दांडा, दोन्ही अंगांची दालने म्हणजे आडवे हात, आणि माथ्याशी मुख्य वेदी. येशू ज्या क्रुसावर मरण पावला त्याचीच आकृती जमिनीवर रेखून तिच्यावर उपासनेची जागा उभारायची, ही ख्रिस्ती वास्तुकलेतली फार जुनी कल्पना. दारापासून वेदीपर्यंत चालत जाणे म्हणजे बाहेरच्या जगातून पवित्र स्थानाकडे जाणे. दाराजवळ पवित्र पाणी ठेवलेले असते. त्यात बोटे बुडवून भाविक स्वतःवर क्रुसाची खूण करतो, ती त्याच्या बाप्तिस्म्याची आठवण. वेदी पूर्वेकडे असावी असाही जुना संकेत आहे, कारण उगवता सूर्य हे पुनरुत्थित ख्रिस्ताचे प्रतीक. बॉम जिझसने तो पाळला. मग पश्चिमेकडची दारे मावळतीकडे उघडतात हे ओघाने आलेच.

सज्ज्याखालून पुढे गेल्यावर उजव्या हाताच्या भिंतीतून लाकडी प्रवचनपीठ बाहेर आलेले दिसते. पर्यटक त्याच्याखालून निघून जातात, पण या चर्चचे प्रयोजन कळायचे असेल तर इथे थांबायला हवे. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात धर्मगुरू वेदीवरून बोलला असता तर मागच्या लोकांना काही ऐकू गेले नसते. म्हणून प्रवचनपीठ वेदीजवळ न ठेवता दालनाच्या मध्यावर, लोकांच्या डोक्यावर उंच बसवले आहे. त्यावरचे कोरीव छत केवळ शोभेचे नाही, ते आवाज वर जाऊ न देता खाली लोकांकडे वळवते. पीठाच्या बाजूंवर येशू, चार शुभवर्तमानकार आणि चार धर्मपंडित यांच्या आकृती आहेत. मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांनी येशूचे चरित्र लिहिले. अँब्रोझ, ऑगस्टिन, जेरोम आणि ग्रेगरी या चौघांनी त्याचा अर्थ लावला. म्हणजे वर उभा राहून बोलणाऱ्या धर्मगुरूच्या शब्दांना आधी शास्त्राचा आणि मग परंपरेचा आधार आहे, हे लाकडात कोरून ठेवले आहे.

पीठाच्या अगदी तळाशी सात आकृती आहेत, साऱ्या भाराला खालून आधार देत असल्यासारख्या. इथे गोव्याचा हात दिसू लागतो. गोव्यातल्या इतर अनेक चर्चांत प्रवचनपीठाखाली अर्धी स्त्री आणि अर्धा सर्प अशा आकृतीही कोरलेल्या आढळतात. युरोपातल्या जलपरीच्या नमुन्यावर कोकणातल्या कारागिराच्या ओळखीची नागकन्या उतरली आहे. स्थानिक कारागीर, त्यांत हिंदूही, चर्चची कामे करत होते याचा एक उलटा पुरावा आहे : १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या प्रांतिक धर्मपरिषदेने बिगरख्रिस्ती कारागिरांकडून चर्चच्या पवित्र वस्तू करवून घेऊ नयेत, अशी बंदी घातली. जे घडतच नाही त्यावर बंदी घालायची वेळ येत नाही.

मुख्य वेदीमागे सोन्याचा मुलामा दिलेले लाकडी मखर आहे, ५४ फूट उंच आणि ३० फूट रुंद. पूर्ण भिंत त्याने व्यापली आहे. मखर वाचायचे ते खालून वर. तळाशी बाळ येशूची मूर्ती. हे चर्च त्यालाच वाहिलेले आहे, तरी मूर्ती लहान आहे. तिच्यावर संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची भलीमोठी मूर्ती. प्रथम पाहणाऱ्याला हे प्रमाण खटकते, देवापेक्षा भक्त मोठा असे वाटते, आणि त्यात संघाचा थोडा अभिमान नाहीच असेही म्हणवत नाही. पण इग्नेशियस समोरच्या लोकांकडे पाहत नाहीत. त्यांची नजर वर आहे, आणि तिच्या रोखाने पाहिले की सूर्यासारख्या वर्तुळात ‘आयएचएस’ ही तीच अक्षरे दिसतात, जी बाहेर शिखरावर होती. त्याहीवर पवित्र त्रैक्य. पहिल्यांदा लहानग्या मूर्तीवर टेकलेला डोळा इग्नेशियसच्या नजरेमागोमाग नावाकडे आणि नावाकडून देवाकडे चढत जातो. संताने स्वतःकडे नव्हे तर वर बोट दाखवायचे, ही कॅथलिक चर्चची संतांविषयीची शिकवण आहे. ल्यूथरच्या अनुयायांनी मूर्तींवर घेतलेल्या आक्षेपाला दिलेले हे लाकडी उत्तर आहे.

वेदीवर मिस्सा होते. शेवटच्या भोजनात येशूने भाकरी आणि द्राक्षारस शिष्यांना दिला. मिस्सेत धर्मगुरू तेच शब्द उच्चारतो आणि कॅथलिक श्रद्धेनुसार भाकर व द्राक्षारस ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त होतात. म्हणून वेदी हे एकाच वेळी भोजनाचे मेज आणि बलिदानाचे स्थान. द्राक्षवेल आणि घोस यांची नक्षी चर्चांत जागोजागी दिसते ती यामुळे. पवित्र भाकरी ज्या लहान कोशात ठेवतात त्याच्याजवळ दिवा तेवत असतो आणि त्यासमोर भाविक गुडघा टेकतात. बॉम जिझसमध्ये उत्तरेकडच्या भुजेत पवित्र साक्रामेंताचे, म्हणजे या पवित्र भाकरीचे, वेगळे प्रार्थनास्थान आहे. १९६२ ते १९६५ या काळातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होई आणि धर्मगुरू लोकांकडे पाठ करून, त्यांच्यासह वेदीकडे तोंड करून उभा राही. परिषदेनंतर तो लोकांकडे वळला आणि मिस्सा लोकभाषेत, गोव्यात कोंकणीत, होऊ लागली. जुन्या चर्चांत मखरापुढे आता जे साधे मेज दिसते, ते या बदलामुळे.

मुख्य वेदीच्या दोन बाजूंच्या वेद्या आशेची माता मरिया आणि देवदूत संत मायकेल यांच्या आहेत. बहुतेकांचे पाय मात्र दक्षिणेकडच्या भुजेकडे वळतात, कारण तिथे संत फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव आहे.

झेवियर हे इग्नेशियसच्या पहिल्या सोबत्यांपैकी एक. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. पुढची दहा वर्षे त्यांनी दक्षिणेचा किनारा, मलाक्का, मोलुक्का बेटे आणि जपान इथे धर्मप्रसार केला आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांच्यान बेटावर त्यांचा मृत्यू झाला. पार्थिव मलाक्कामार्गे १५५४ मध्ये गोव्यात आणले. ते कुजले नाही ही श्रद्धा तेव्हापासूनची. १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळाले, त्याच दिवशी इग्नेशियसनाही. त्यानंतर दोन वर्षांनी पार्थिव बॉम जिझसमध्ये आले. म्हणजे चर्च बांधले गेले तेव्हा ते झेवियरसाठी नव्हते. आज ज्यामुळे ते ओळखले जाते ती गोष्ट नंतर आली.

संतांचे अवशेष जपण्यामागे कॅथलिकांचा एक स्पष्ट विचार आहे. शेवटच्या दिवशी मृतांचे शरीरासह पुनरुत्थान होईल, अशी त्यांची श्रद्धा आहे, म्हणून देह टाकाऊ नाही. ज्या देहाने देवाची सेवा केली त्याचा मान राखायचा. प्राचीन काळी हुतात्म्यांच्या थडग्यांवर उपासना होत असे आणि वेदीत संताचा अवशेष बसवण्याची प्रथा तिथूनच आली.

इथली समाधी म्हणजे तीन वेगवेगळ्या कलापरंपरांचा संगम. वरची चांदीची पेटी गोव्याच्या सोनारांनी १६३६-३७ मध्ये घडवली. तिच्या बाजूंवर संताच्या चरित्रातले ३२ प्रसंग उठावाच्या कामात आहेत. खालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सहून आला. तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो मेदिची याला संताच्या डोक्याखालची उशी भेट म्हणून मिळाली होती, तिची परतफेड म्हणून त्याने हा चौथरा करवून पाठवला. शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी. कामाला सुमारे दहा वर्षे लागली. सुटे भाग जहाजाने गोव्यात आले आणि १६९८ मध्ये प्लाचिदो राम्पोनी या कारागिराने ते इथे जोडले. चौथऱ्याच्या चार बाजूंना ब्राँझचे चार पट आहेत : प्रवचन, बाप्तिस्मा, मोरो बेटावरच्या लोकांच्या हल्ल्यातून सुटका आणि सांच्यानवरचा मृत्यू. भोवतालची लाकडी चौकट, तिचे पिळदार सोनेरी खांब, हे पुन्हा गोव्याचे काम. जेरुसलेममधल्या सॉलोमनच्या मंदिरात असे पिळाचे खांब होते अशी युरोपात समजूत होती, त्यामुळे पवित्र स्थानाच्या भोवती ते उभारण्याची रीत पडली. रोममध्ये सेंट पीटर्सच्या वेदीवर बर्निनीने केलेले ब्राँझचे खांबही असेच आहेत.

रस्त्यापलीकडचे से कॅथेड्रल पाहिल्यावर बॉम जिझसचा वेगळेपणा जास्त उमगतो. कुठल्याही मोठ्या चर्चला कॅथेड्रल म्हणण्याची सवय मराठीत आहे, पण कॅथेड्रल म्हणजे बिशपचे अधिकृत आसन जिथे असते ते चर्च. बॅसिलिका हा पोपने दिलेला मान आहे आणि बॉम जिझसला तो १९४६ मध्ये मिळाला. से कॅथेड्रल संत कॅथरीनला वाहिलेले आहे, कारण तिच्या सणाच्या दिवशी, २५ नोव्हेंबर १५१० रोजी, पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा जिंकला. चर्च नावातूनच विजयस्मारक आहे. बांधकाम १५६२ मध्ये सुरू झाले आणि सतराव्या शतकात संपले. लांबी सुमारे २५० फूट. आत मधले दालन आणि दोन बाजूंना मार्गिका, त्यांच्याकडेने चार-चार प्रार्थनास्थाने. मुख्य मखरात कॅथरीनच्या चरित्राचे प्रसंग आहेत. समोरच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही. उरलेल्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ म्हणून ओळखली जाणारी गोव्यातली सर्वांत मोठी घंटा आहे. मिरवणुका, आर्चबिशपचे समारंभ, राजसत्तेचा थाट यांसाठी हे चर्च आहे, प्रवचनासाठी नाही. दर्शनी भिंत पूर्वेकडे असल्याने त्याची वेदी पश्चिमेला आली, म्हणजे जुना संकेतही इथे उलटला.

या वास्तूंचा विचार त्यांच्या काळाच्या दुसऱ्या बाजूशिवाय पुरा होत नाही. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळे पाडली गेली, पुढे साष्टीतलीही, आणि मंगेश, शांतादुर्गा यांसारखी दैवते भाविकांनी फोंड्याकडे हलवली. १५६० पासून इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, अंमल सुरू झाला. त्याच काळात थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने येशूची कथा मराठी ओव्यांत लिहिली. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, बॉम जिझस पुरे झाल्यावर अकरा वर्षांनी. पुढे अठराव्या शतकात फोंड्यात नवी देवळे उभी राहिली तेव्हा त्यांच्या गवंड्यांनी चर्चच्या बांधणीतून बरेच उचलले : घुमट, कमानदार खिडक्या, भिंतीत बसवलेले अर्धस्तंभ. कवळ्याच्या शांतादुर्गेच्या किंवा मंगेशीच्या देवळात हे सहज दिसते.

१७५९ मध्ये पोर्तुगालने येशूसंघाला आपल्या सर्व प्रदेशांतून हाकलले. चर्च राहिले, बांधणारे गेले. १९८६ मध्ये जुन्या गोव्यातली चर्चे आणि मठ जागतिक वारसास्थळांच्या यादीत आले. बॉम जिझसमध्ये आजही मिस्सा होते. ३ डिसेंबरच्या फेस्ताआधी नऊ दिवस नोव्हेना चालतात आणि साधारण दहा वर्षांनी झेवियर यांचे पार्थिव दर्शनासाठी खाली आणले जाते. अलीकडचा असा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला. त्यासाठी पार्थिव ठेवलेली काचेची पेटी मिरवणुकीने रस्ता ओलांडून से कॅथेड्रलमध्ये नेतात. ऐकण्यासाठी बांधलेल्या एकसंध दालनापेक्षा मार्गिकांचे ते लांबरुंद चर्च हजारोंच्या रांगेला अधिक सोयीचे पडते.